नोकरी सांभाळून परदेशी वर्गात
(सदर, नागपूर येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

शंतनुराव किर्लोस्कर १९२२ साली अमेरिकेत एमआयटीला यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले आणि १९२६ मध्ये परतून घरच्या कारखान्यात रुजू झाले. ऐन तारुण्यातली चार वर्षं त्यांनी त्यासाठी दिली. पुढे पाचच वर्षांनी, १९३१ मध्ये, त्याच संस्थेत नोकरीतल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला. तो आज ‘स्लोन फेलोज’ नावाने चालतो. कोफी अन्नान यांनी तो १९७१-७२ मध्ये केला, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती आणि संयुक्त राष्ट्रांतल्या नोकरीचा अनुभव गाठीशी होता.

सदरच्या आसपास असा अनुभवी अधिकारीवर्ग मोठा आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, मॉइलचं काटोल रोडवर, आणि पलीकडे मिहानमधल्या आयटी कंपन्या. पस्तिशीतल्या माणसाला शिकायची हौस असते, पण घराचे हप्ते आणि मुलांची दहावी-बारावीही असते.

त्याच्यासाठी वाटा तीन. पहिली, वर्षभर नोकरी सोडून परदेशी जाणं. दुसरी, नोकरीत राहून टप्प्याटप्प्याने जाणं. इन्सिआड या संस्थेचे वर्ग फाँतेनब्लो, सिंगापूर आणि अबुधाबी इथे भरतात. ‘ट्रायम’मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि पॅरिसची एचईसी मिळून एकच पदवी देतात. फी जबर, शिवाय प्रत्येक टप्प्याला विमानभाडं आणि रजा.

तिसरी वाट देशातलीच. मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभं राहिलं. अहमदाबादच्या आयआयएमची जडणघडण १९६१ पासून हार्वर्डच्या साथीने झाली, आणि २०१५ मध्ये नागपूरला आयआयएम आलं तेव्हा पालकत्व अहमदाबादकडेच होतं. म्हणजे हार्वर्डची केस चर्चेची पद्धत मिहानपर्यंत पोचली आहे! देशातल्या काही कार्यकारी अभ्यासक्रमांत परदेशातल्या छोट्या सत्राचीही सोय असते.

मात्र आठवड्याभराच्या सत्राला परदेशी शिक्षण म्हणणं ही फसगत आहे. इतक्या दिवसांत ओळखी होतात, कारखाने पाहून होतात. पण शेजारच्या बाकावरचा ब्राझीलचा बँकर आपला हिशेब खोडून काढतो आणि आपल्याला तो पुन्हा मांडावा लागतो, तो अनुभव मिळायला महिने लागतात. पैसे मोजायचे ते त्या महिन्यांसाठी.

पैशाचंही स्पष्ट बोलायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे अडचण परवानगीची नसते, परतफेडीची असते. कंपनी खर्च उचलणार असेल, तर किती वर्षांचा करार मागते ते आधी लेखी घ्यावं. आणि प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी संस्थेला विचारावं: पदवी कोणाच्या नावाची, परदेशात प्रत्यक्ष वर्ग किती आठवडे, आणि बरोबरीचे विद्यार्थी कोणत्या देशांतले? उत्तरं लेखी मिळेपर्यंत चेक फाडू नये.