मतदाराने सभासद व्हावे



निवडणुका जवळ आल्या की अलीकडे सुशिक्षित घरांतून एक वाक्य हमखास कानी पडते : "सगळे सारखेच, मत देऊन काय होणार?" हे वाक्य उच्चारणारा माणूस आळशी असतोच असे नाही. बहुधा तो दुखावलेला असतो. त्याच्या दुःखाची टिंगल करून किंवा त्याला कर्तव्याचे डोस पाजून काही साधणार नाही. प्रथम त्याचे म्हणणे खरे आहे, हे मान्य केले पाहिजे.

२०१९ साली महाराष्ट्राने एक विधानसभा निवडून दिली. त्या एकाच विधानसभेच्या काळात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले. २३ नोव्हेंबरच्या सकाळी घाईघाईने झालेला शपथविधी, जेमतेम ऐंशी तास टिकलेले ते सरकार, नंतर निवडणुकीत परस्परांविरुद्ध लढलेल्या पक्षांची आघाडी, जून २०२२ मध्ये शिवसेनेतील फूट आणि २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसमधील फूट. या प्रत्येक वळणावर मतदाराला कोणी विचारले? १९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला. २००३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची पळवाटही बंद झाली. तरी प्रत्येक गटाने कायद्याचा आपापला अर्थ काढला आणि लोकांनी दिलेला कौल वकिलांच्या युक्तिवादांत हरवला.

या दोषातून कोणताही पक्ष सुटत नाही, भारतीय जनता पक्षही नाही. ज्या पक्षाविरुद्ध सिंचनातील गैरव्यवहाराची मोहीम वर्षानुवर्षे चालवली, त्याच्याच एका गटाशी हातमिळवणी झाली, तेव्हा गावोगावचा कार्यकर्ता कोणत्या तोंडाने मतदारासमोर जाणार होता? २०२४ च्या लोकसभेत राज्यातील भाजपच्या जागा तेवीसवरून नऊवर आल्या. त्यानंतर जून महिन्यात 'ऑर्गनायझर' साप्ताहिकातूनच या तडजोडीवर स्पष्ट टीका झाली. घरच्या माणसाने घरातले दोष दाखवणे हे निष्ठेचेच लक्षण आहे.

परंतु निराश मतदाराने घरी बसावे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. निरा डाव्या कालव्याच्या काठचे हे पणदरे आणि भोवतालची गावे पुरेशी बोलकी आहेत.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघात एकाच घरातील दोन उमेदवार समोरासमोर होते. घड्याळ या चिन्हाने बाजू बदलली होती. मतदार गोंधळून जाईल, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनी विजयी झाल्या आणि बारामती विधानसभा क्षेत्रानेही त्यांनाच आघाडी दिली. सहा महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, त्याच बारामतीने अजित पवारांना सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने विधानसभेवर पाठवले. या निकालांविषयी कोणाचे काही मत असो; चिन्ह पाहून डोळे मिटून शिक्का मारणारा हा मतदार नव्हे, एवढे निश्चित.

त्याच लोकसभा मतदारसंघात पुणे शहराला लागून असलेले खडकवासलाही येते. बारामती क्षेत्रात सुमारे ६९ टक्के मतदान झाले. खडकवासल्यात ते ५१ टक्क्यांच्या आसपास थांबले. मतदारयादीतील घोळ, बदललेले पत्ते ही कारणे आहेतच. पण राजकारणाच्या अधोगतीवर सर्वाधिक बोलणारा वर्ग जेथे दाटीने राहतो, तेथेच मतदानयंत्रे अधिक रिकामी राहावीत, हा आत्मपरीक्षणाचा विषय आहे.

आता माळेगाव सहकारी साखर कारखान्याकडे पाहा. पणदरे हा त्याच्या निवडणुकीतील एक गट. २०१४ मध्ये अजित पवार मोठ्या फरकाने आमदार झाले; पण पुढच्याच वर्षी याच तालुक्यातील सभासदांनी कारखान्यात त्यांच्या गटाचा पराभव केला. २०२० मध्ये सत्ता पुन्हा फिरली. जून २०२५ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार स्वतः संचालकपदासाठी उभे राहिले. सुमारे ८८ टक्के सभासदांनी मतदान केले आणि २१ पैकी २० जागा त्यांच्या पॅनेलला मिळाल्या. राज्याच्या उपमुख्यमंत्र्याला ऊस उत्पादकाच्या दारी यावे लागले, यातच मताची किंमत दिसते.

असे का घडते? सभासदाला ठाऊक असते की कारखाना आपला आहे. टनाला दर किती, काटा बरोबर आहे का, तोडीची पाळी कधी, डोक्यावर कर्ज किती, हे तो विचारतो. त्याच्या हाती अहवाल आणि ताळेबंद येतो. सर्वसाधारण सभेत तो उभा राहतो. सहकारातही गटबाजी आहे, पैशाचा वापर आहे. तरीही तेथे मतदार मालकाच्या भूमिकेत असतो. विधानसभा-लोकसभेला मात्र तोच मतदार प्रेक्षक किंवा लाभार्थी होतो. खरे दुखणे येथे आहे.

काहीजण 'नोटा'चा मार्ग सांगतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने तो मिळाला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात 'नोटा'ला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. निषेध नोंदला गेला, पण निकाल बदलला नाही. कारण विधानसभेत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. निषेध एका दिवसाचा असतो. राखण पाच वर्षांची असावी लागते.

या राखणीचा आदर्श रामभाऊ म्हाळगी यांनी घालून दिला. १९५७ मध्ये मावळचे आमदार आणि पुढे ठाण्याचे खासदार झालेले रामभाऊ आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांसमोर ठेवत. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६३ च्या जौनपूर पोटनिवडणुकीत जातीच्या नावाने मते मागण्यास नकार दिला आणि पराभव पत्करला. ती जागा गेली. पण विश्वासाची पुंजी राहिली. आज सर्वच पक्षांकडे जागा आहेत, ती पुंजी मात्र आटली आहे.

ती पुन्हा जमवण्याचे काम केवळ नेत्यांचे नाही. गावात ग्रामसभेला जावे, शहरात नगरसेवकाला निधीचा हिशेब विचारावा, आमदाराकडे दरवर्षी लेखी अहवाल मागावा. तो आपल्या विचाराचा असेल, तर अधिक आग्रहाने मागावा. मतदारयादीतील नावे निवडणुकीच्या आदल्या दिवशी नव्हे, आजच तपासावीत.

कारखान्याचा सभासद रुसून शेअर फाडून टाकत नाही. तो सर्वसाधारण सभेत जाऊन जाब विचारतो. हे राष्ट्रही आपलेच आहे आणि मत हा त्यातील आपला शेअर आहे.