हरवलेलें अक्षर

दहा वर्षांचीं छायाचित्रें, मुलांचीं प्रमाणपत्रें आणि घरचा जमाखर्च एका लहानशा बाह्य डिस्कवर सांठविलेला असतो. एके सायंकाळीं गृहस्थ ती संगणकास जोडतो आणि पाहतो, तों 'ई' ड्राइव्ह यादींतून नाहींसा झालेला. सर्वस्व गेलें, या भयानें त्याचें चित्त व्याकुळ होतें. परंतु पुष्कळदां गेलेली असते ती केवळ दारावरची पाटी; घर आणि घरांतील सामान जागच्या जागीं असतें.

या अक्षरांची परंपरा जुनी आहे. १९८१ सालीं निघालेल्या आय.बी.एम. पी.सी.मध्यें 'ए' आणि 'बी' हीं अक्षरें फ्लॉपींकडे होतीं. १९८३ च्या एक्स.टी.मध्यें हार्ड डिस्क आली, तिला 'सी' मिळालें. फ्लॉपी गेली, तरी विंडोजचें बिऱ्हाड बहुधा 'सी'वरच असतें. विभाग, म्हणजे पार्टिशन, ही वस्तु मात्र निराळी. डिस्कचा कोणता भाग कोठून कोठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या आरंभींच असते, नव्या जी.पी.टी. पद्धतींत तिची दुसरी प्रत शेवटींही असते. अक्षर मात्र विंडोज स्वतःच्या दप्तरीं लिहून ठेवतें. म्हणूनच तीच डिस्क एका संगणकावर 'ई', तर दुसऱ्यावर 'एफ' होते.

अशा वेळीं स्टार्ट बटणावर माऊसची उजवी कळ दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावें. विभाग 'हेल्दी' असून त्यास अक्षर नसेल, तर त्यावर उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावें व मोकळें अक्षर द्यावें. आंतील एकही फाईल हलत नाहीं. मुख्य डिस्कवरील 'ई.एफ.आय.' व 'रिकव्हरी' हे लहान विभाग मुद्दामच अक्षराविना ठेवलेले असतात. त्यांस हात लावूं नये. 'सी'चें अक्षरही बदलूं पाहूं नये, कारण प्रोग्राम त्याच पत्त्यावर विसंबून असतात.

विभागापुढें 'रॉ' दिसलें, तर आंतील रचना विंडोजला वाचतां येत नाहीं. 'अनअ‍ॅलोकेटेड' दिसलें, तर विभागाची नोंदच हरपली आहे. येथेंच खरा धोका. डिस्क 'फॉरमॅट' किंवा 'इनिशिअलाइझ' करावी काय, असें संगणक विनयानें विचारतो, आणि घाबरलेला मनुष्य होकार देतो. हा होकार देऊं नये. डिस्कवर नवें कांहीं लिहूं नये. तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरावी आणि 'टेस्टडिस्क'सारख्या विनामूल्य साधनानें त्या प्रतीवरच शोध घ्यावा. डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर ती तत्काळ काढून जाणत्याच्या हातीं सोंपवावी.

शेवटीं एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. एकाच डिस्कवरील 'डी' आणि 'ई' या दोन निराळ्या तिजोऱ्या नव्हेत. एकाच पेटीचे ते दोन कप्पे होत. पेटी बिघडली कीं दोन्ही कप्पे एकदमच जातात. यास्तव दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्य तर दुसऱ्या घरीं असावी.