आधी मोजदाद, मग पहारा

स्नातकहो, तुमच्यापैकी बरेच जण उद्या कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळायला लागतील. वर्ष-दोन वर्षांत वरिष्ठ विचारतील, "लक्ष ठेवायला कोणतं टूल घ्यायचं?" विक्रेते रंगीत डॅशबोर्ड घेऊन दारात उभे असतीलच. त्या डॅशबोर्डवर काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही, हे आधी विचारा, एवढंच मला सांगायचं आहे.

अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीचं प्रकरण त्यासाठी बारकाईनं वाचावं असं आहे. मार्च 2017 मध्ये अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. कंपनीनं स्कॅनर चालवला, त्याला काहीच सापडलं नाही. प्रत्यक्षात ग्राहकांच्या तक्रारींचं पोर्टल त्याच स्ट्रट्सवर चालत होतं. पण कुठे कोणतं सॉफ्टवेअर आहे याची पुरती यादीच कंपनीकडे नव्हती. मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले. नेटवर्कवरची वाहतूक तपासणारं उपकरण होतं, मात्र त्याच्या सर्टिफिकेटची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेली, त्यामुळे एन्क्रिप्टेड वाहतूक बिनतपासणी जात राहिली. 29 जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली होती.

हा माणसांचा निष्काळजीपणा, त्यात टूलचा काय दोष, असं कोणी म्हणेल. निष्काळजीपणा होताच. पण माणूस विसरतो हे गृहीत धरूनच टूल निवडायचं असतं. स्वतःचीच नजर गेली की ते टूल बोंब मारतं का, ही पहिली कसोटी. उदाहरणार्थ, प्रोमिथियस हे टूल प्रत्येक मशीनकडून स्वतः आकडे मागून आणतं. उत्तर आलं नाही तर तशी नोंद होते आणि त्यावर अलार्म लावता येतो. अर्थात, जे मशीन त्याला कोणी सांगितलंच नाही, त्याच्या गप्प बसण्याची नोंद कोण घेणार? म्हणून शोधाचं काम वेगळं ठेवा. एनमॅपचा स्कॅन, डीएचसीपीच्या नोंदी, स्विचमधले मॅक पत्ते आणि क्लाउडचं बिल एकमेकांशी ताडून पाहा. यातलं बिल अकाउंट्स विभागात पडून असतं, आणि माझ्या मते त्याच्याइतकं दुर्लक्षित शोधसाधन दुसरं नाही.

सगळ्याला एकच टूल असावं, हा आग्रह खर्चाच्या दृष्टीनं समजण्यासारखा आहे. पण कारखान्यात यंत्रं चालवणारा जुना पीएलसी साध्या स्कॅननंही अडखळू शकतो. तिथे नुसतं नेटवर्क ऐकणारं साधन लागतं. आणि खर्चाचंच म्हणाल तर, झॅबिक्ससारख्या टूलच्या परवान्याला पैसे पडत नसले, तरी ते चालवणाऱ्या माणसाचा पगार हिशेबात धरावाच लागतो.

तेव्हा खरेदीच्या कागदावर सही होण्याआधी एक करा. चाचणीच्या काळात विक्रेत्याला न सांगता नेटवर्कला एक जुना लॅपटॉप जोडा, एका चाचणी सर्व्हरवरचा एजंट बंद करा, एका चाचणी सर्टिफिकेटची मुदत संपू द्या. आठवडाभरात या तिन्हींची खबर न देणारं टूल परत पाठवा.