आपापल्या घरासमोर



आमच्या गावातलं चर्च जुनं आहे, कौलारू आहे. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात ते गळायला लागलं. उजवीकडच्या चौथ्या बाकावर थेंब पडायचे. पहिल्या रविवारी तिथली माणसं सरकून बसली. दुसऱ्या रविवारी कुणीतरी तिथे घमेलं आणून ठेवलं. मग पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना मधूनमधून टप्, टप् असा आवाज यायचा आणि सारी मंडळी डोळे मिटून तो ऐकायची. मी तेव्हा पंच कमिटीत होतो. बैठकीत विषय निघाला. छपराची पाहणी करावी, गवंड्याकडून खर्चाचा अंदाज घ्यावा, वर्गणी काढावी, असं ठरलं. ठराव मीच वहीत लिहिला. पुढच्या बैठकीत तो वाचून कायम केला. तोवर पावसाळा संपला आणि घमेलंही उचललं गेलं. दुसऱ्या वर्षी जून महिन्यात ते पुन्हा त्याच बाकावर आलं.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी शाळेला निघालो, तर चर्चच्या भिंतीला शिडी लावलेली. वर आमच्या मंडळीतले एक वयस्क काका. मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. खालून त्यांचा नातू एकेक कौल वर देत होता. तीन कौलं फुटली होती, दोन सरकली होती. काकांनी स्वतःच्या गोठ्यावरची तीन जुनी कौलं काढून आणली होती. मी खालूनच म्हटलं, "काका, कमिटीला सांगायचं होतंत. माणूस लावला असता." ते वरून म्हणाले, "अहो सर, गळतंय ते माझ्याच बाकावर. मग मीच बघायचं की."

दीड तासात काम झालं. तो रविवार कोरडा गेला.

काकांचं ते बोलणं माझ्या मनातून गेलं नाही. कारण अगदी तीच गोष्ट बायबलमध्ये मी कितीदा तरी वाचली होती, आणि वाचूनही मला ती दिसली नव्हती.

जुन्या करारात नहेम्याचं पुस्तक आहे. नहेम्या हा यहुदी माणूस इराणच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. शूशनच्या राजवाड्यात राजाच्या हाती प्याला देणारा, म्हणजे मोठ्या विश्वासातला. मान होता, नोकरी पक्की होती. ख्रिस्तापूर्वी ४४५ च्या सुमारास त्याचा भाऊ यहूदातून आला आणि त्याने खबर दिली की यरुशलेमचा तट पडलेला आहे, वेशी जळलेल्या आहेत, माणसं हलाखीत आहेत. बाबेलच्या सैन्याने ते शहर उद्ध्वस्त केलं, त्याला तेव्हा सुमारे १४० वर्षं झाली होती. शहर पडलं तेव्हा नहेम्याचा जन्मही झाला नव्हता. तट पाडणारा तो नव्हता, तट राखण्यात कसूर करणाराही तो नव्हता. तरी तो बसून रडला, त्याने उपास केला, आणि देवाजवळ प्रार्थना करताना लोकांची पापं मोजता मोजता त्यात स्वतःला आणि आपल्या वडिलांच्या घराण्याला धरलं. लोक चुकले, असं म्हणून तो बाजूला उभा राहिला नाही.

श्रोतेहो, जबाबदारीचा आरंभ मला इथे दिसतो. आपल्याकडे काही मोडलं की पहिली चौकशी होते ती कोणी मोडलं याची. ती करायलाही हवी, न्यायासाठी तिची गरज असते. पण नुसत्या चौकशीने तट उभा राहत नाही. दोष कुणाचा का असेना, पडलेला तट आता माझ्या डोळ्यांसमोर आहे. मला तो दिसला आहे. दिसला, म्हणजे देवाने त्याविषयी मला विचारलं, असं नहेम्याने मानलं. काइनाला देवाने त्याच्या भावाविषयी विचारलं, तेव्हा त्याने उलट विचारलं की मी काय त्याचा राखणदार आहे? बायबलच्या अगदी पहिल्या पानांवरचा हा प्रश्न आहे, आणि पुढचं सगळं बायबल त्याला होय, आहेस, असं उत्तर देत राहतं.

नहेम्या यरुशलेमला पोहोचला. तीन दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. मग रात्री उठून, बरोबर मोजकी माणसं आणि एकच जनावर घेऊन, त्याने पडका तट पाहिला. एके ठिकाणी तर दगडमातीचे ढीग इतके की जनावराला पुढे वाटच मिळेना. हे बघून झाल्यावर त्याने लोकांशी बोलणं केलं.

आणि मग येतो तिसरा अध्याय. उपासनेत हा अध्याय फारसा वाचला जात नाही, कारण तो नावांनीच भरलेला आहे. अमक्याने ही वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने तो भाग दुरुस्त केला, अशी यादी. पण ती जरा सावकाश वाचा. त्यात याजक आहेत. सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, व्यापारी आहेत. दगडाला ज्यांचे हात कधी लागले नव्हते, अशी ही माणसं. शल्लूम नावाचा एक अधिकारी आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या मुली बांधकामाला आहेत. उकिरडा वेस, म्हणजे शहरातला कचरा जिथून बाहेर जायचा तो दरवाजा, तो एका प्रांताच्या अधिकाऱ्याने दुरुस्त केला. तकोवा गावच्या सामान्य लोकांनी काम केलं आणि त्यांच्या सरदारांनी मान वाकवली नाही, हेही त्या यादीत स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आणि यादीत पुन्हा पुन्हा एकच नोंद येते, की याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला, त्याने आपल्या घरालगतचा. मशुल्लाम नावाच्या एकाने तर आपल्या खोलीसमोरचा भाग बांधला. एवढी एक खोली, तर तेवढ्या खोलीसमोरचा तट.

तो सगळा तट ५२ दिवसांत पुरा झाला. १४० वर्षं पडून होता तो.

तिथे नहेम्या पुढारी होता हे खरं. पण शल्लूमच्या मुलींचं काय? त्या खोलीवाल्या मशुल्लामाचं काय? मी त्यांनाही पुढारीच म्हणेन. एकाने आपल्या दारासमोर पहिला दगड ठेवला की शेजाऱ्याला स्वस्थ बसवत नाही. रोजच्या जगण्यातलं पुढारपण असं असतं. त्याला पद लागत नाही, हार लागत नाही. पद मिळालं, तर उलट अंगावर अधिक येतं. नहेम्या तिथला सुभेदारही होता. त्या पदाचा जो भत्ता हक्काने मिळायचा, तो त्याने बारा वर्षं घेतला नाही, कारण लोकांवर आधीच कराचा भार होता. आणि सावकारांनी गरिबांची शेतं गहाण ठेवून घेतली होती, ती त्याने भर सभेत त्यांना परत करायला लावली.

प्रभू येशूने हीच गोष्ट एका पंच्याने आणि घंगाळभर पाण्याने शिकवली. शेवटच्या भोजनाची ती रात्र. त्या काळी जेवायला येणाऱ्याचे धुळीने माखलेले पाय धुवायचं काम नोकराचं. इथे नोकर नव्हता. पाणी होतं, पंचा होता, बारा शिष्य होते, आणि सगळ्यांचे पाय तसेच. आपल्यात मोठा कोण, असा वाद त्याच भोजनाच्या वेळी झाल्याचं लूक सांगतो. तेव्हा गुरू स्वतः उठला, कमरेला पंचा बांधला आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. पाय मळलेले होते हे बारा जणांना दिसत होतंच. पण ते काम आपलं आहे, असं त्यांतल्या एकालाही वाटलं नव्हतं.

मराठी मातीत या शिकवणुकीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील दोघेही गेले. उपाशी पोटी, अनवाणी, भावाबरोबर ही मुलगी देशभर फिरली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पती गेले. हाताशी लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि कर्व्यांच्या संस्थेसाठी दारोदार वर्गणी गोळा करत हिंडल्या. आनंदीबाई हिंदूच राहिल्या. एकीने दुसरीला उभं केलं आणि दुसरीने आणखी कितींना. खऱ्या पुढारपणाची पारख मी यावरून करतो की त्या माणसाच्या सावलीत आणखी माणसं उभी राहिली की नाही.

१८९६ सालचा दुष्काळ आला तेव्हा रमाबाईंचं सदन पुण्यात होतं, आणि असलेल्या मुलींचाच भार त्यांच्यावर पुष्कळ होता. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. पण ती भूक त्यांच्या ओळखीची होती. तिनेच त्यांचे आईवडील नेले होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. तिथल्या बायका शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, तेल गाळू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आधी आलेल्या मुलीच मग नव्याने येणाऱ्यांचं बघू लागल्या. रमाबाईंनी त्यांना नुसतं जेवू घातलं असतं तरी ते पुण्यच होतं. पण जिला कालपर्यंत कुणी माणसात धरलं नव्हतं, तिच्या हाती त्यांनी काम दिलं आणि तुझ्यावाचून हे अडेल असं तिला जाणवू दिलं. दयेपेक्षा ही पुढची पायरी आहे.

आणि तो छापखाना कशासाठी? साध्या शिकलेल्या बाईलाही समजेल असं मराठी बायबल असावं, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून भाषांतराला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. पोटची एकुलती एक लेक, आणि त्यांच्या कामातला उजवा हात. तरी काम त्यांनी हातावेगळं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

आपल्या काळातलंही एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं आणि हिरव्या पट्ट्यावर इमारतींची नजर गेली, तेव्हा हा धर्मगुरू हरित वसई संरक्षण समितीतून लोकांबरोबर रस्त्यावर उतरला. विहिरीचं पाणी हा माझ्या धर्माचा विषय नाही, असं म्हणणं सोपं होतं. धोक्याचं तर मुळीच नव्हतं. पण ज्या गावात आपण देवाचं नाव घेतो, त्या गावाची विहीर आपल्या घरासमोरच असते.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. जबाबदारी घेणं म्हणजे सगळंच आपल्या डोक्यावर घेणं नव्हे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसायचा. त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, ते पाहिलं आणि त्याला बजावलं की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहादहांवर माणसं नेम. आपल्यातले कितीतरी जण त्या शेवटच्या पायरीवरचे आहोत. दहा माणसं. घरातली चार, शेजारची तीन, कामावरची तीन. एवढीच आपल्याकडे सोपवलेली असतात. त्यांच्यातलं कोण आजारी आहे, कुणाचं पोर शाळेतून काढलंय, कुणाच्या घरी संध्याकाळी बाटली उघडते आणि बाई मुकाट सोसते, हे आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असूनही आपण पुढच्या बैठकीची वाट बघतो.

तारण कृपेने मिळतं, कामाने नव्हे, ही आमची श्रद्धा आहे. पण ज्याला फुकट मिळालं, त्याचे हात मोकळे असतात. ते मोकळे हात कशासाठी, हे याकोबाच्या पत्रात लख्ख सांगितलं आहे. उघड्या-उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास मेलेला असतो.

म्हणून, श्रोतेहो, आज माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा. तुमच्या स्वतःच्या बाकावर काय गळतंय, ते आज बघा. दुसऱ्याच्या बाकावरचं उद्या बघू. घरातल्या ज्या माणसाशी बोलणं थांबलंय, ते आधी आपण सुरू करावं. जिन्यातला जो दिवा कितीतरी दिवस बंद आहे, तो आपण बदलावा. कचेरीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं जातं, त्याच्याबरोबर आपण एकदा चालत जावं. कुणी नेमलं नाही, म्हणून थांबू नका. दिसलं, तीच नेमणूक समजा.

ते कंपाउंडर काका आता हयात नाहीत. त्यांच्या गोठ्यावरची ती तीन कौलं मात्र चर्चच्या छपरावर आहेत. बाकीच्या कौलांपेक्षा ती काळपट असल्यामुळे रस्त्यावरूनही ओळखू येतात.