आजोबांचा रस्ता, नातवाचा वाडा
(खराडी येथील कुटुंबमेळाव्यातील व्याख्यान)



खराडीतील मुले सुट्टीत जयपूर-उदयपूरचे महाल पाहून येतात. सदाशिव पेठेतील विश्रामबागवाडा मात्र त्यांतील अनेकांनी पाहिलेला नसतो. रामवाडीला मेट्रोत बसावे, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी, मंडईला उतरावे. थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर हा वाडा उभा आहे. बांधला मात्र त्यांच्या नातवाने, दुसऱ्या बाजीरावाने. इतिहासाला अशी थट्टा आवडते.

31 डिसेंबर 1802 रोजी वसईचा तह झाला आणि पेशवाईचे स्वातंत्र्य इंग्रजांकडे गहाण पडले. त्यानंतर पाच वर्षांनी, 1807 साली, दोन लाख रुपये खर्चून हा विलासी वाडा उभा राहिला. धन्याविषयी अभिमान वाटावा असे येथे फारसे नाही. अभिमान वाटावा तो सुतारांचा! दर्शनी भागातील सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, कोरीव सज्जा, तुळयांवरील नक्षी यांपुढे क्षणभर थांबावेच लागते. राज्य बुडत असतानाही कारागिराचा हात डळमळला नव्हता.

वाड्याचे पुढील आयुष्य अधिक बोधक आहे. 1821 साली येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. त्या निधीचाच एक भाग एल्फिन्स्टनच्या काळात पाठशाळेकडे वळला. याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज झाले. 1868 साली ते येरवड्याकडे गेले, म्हणजे आपल्या नगर रस्त्याच्या वाटेवर. टिळक आणि आगरकर भेटले ते तेथेच. ज्या वाड्यात एक सत्ता विसावली, त्याच वाड्यातील पाठशाळेची परंपरा अशा रीतीने स्वातंत्र्याच्या चळवळीपर्यंत पोहोचली.

1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे येथे नगरपालिकेचे कार्यालय थाटले गेले. वर्दळीने वास्तू झिजली, पण वापरात होती म्हणूनच टिकली, हेही मान्य केले पाहिजे. महानगरपालिकेने अलीकडच्या काळात टप्प्याटप्प्याने जीर्णोद्धार केला. अशा कामात सिमेंटचा मोह घातक ठरतो. चुना भिंतीतील ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडते आणि कोंडलेली ओल शेजारचे लाकूड कुजवते. पेठांतील कितीतरी वाडे याच दशकांत इमारतींसाठी पाडले गेले; त्यांच्या नक्षीदार तुळया जुन्या लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या. तेव्हा हा एक वाडा मुलांनी हात लावून पाहावा. निघण्यापूर्वी उघडण्याची वेळ तेवढी विचारून घ्यावी.

नंतर तुळशीबागेत रामाचे दर्शन घ्यावे आणि मंडईकडे वळावे. 1886 ची ही वास्तू. तिच्यावरील खर्चास जोतिराव फुल्यांचा विरोध होता, पैसा शिक्षणाकडे जावा असे त्यांचे म्हणणे. आज मंडईला नाव त्यांचेच आहे.

एव्हाना मुले भुकेने कुरकुरू लागलेली असतात. या परिसरात पुणेरी मिसळ मिळते: तळाशी पोहे व बटाट्याची भाजी, वर फरसाण, त्यावर बेताचा तिखट रस्सा. यातील बटाटा आणि मिरची दोन्ही पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आलेली; पण आता त्यांना परके म्हणण्याची हिंमत पुण्यात कोण करील? आजी-आजोबांसाठी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा मागवावा. शेवटी मस्तानी घ्यावी: घट्ट थंड दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. चमचा आधी, पेला नंतर.