अमरकंदाची कुंडी



औषधी वनस्पतींवर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. तुळस नि अडुळसा तुम्हा सर्वांच्या गॅलरीत आहेतच. म्हणून मी अमरकंदावर बोलणार आहे. तेही माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

माझे माहेर खेड तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर. आमच्या घरी अशक्तपणावर अमरकंदाची पूड दुधात शिजवून देत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चिंचवडला सासूबाईंसाठी न्यावी म्हणून मी माळावरचे कंद उकरायला गेले. बरोबर एक ठाकर बाई होती. ती म्हणाली, "ताई, कोंबाकडची गाठ राहू दे." मी ऐकले नाही. टोपली भरायची होती ना! पुढच्या पावसाळ्यात तिथे एकही दांडा वर आला नाही. आजवर आलेला नाही.

अमरकंद ही जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव युलोफिया. जमिनीखाली तिच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. पावसाच्या सुरुवातीला फुलांचा दांडा येतो, पावसाळा सरला की पाने पिवळी पडतात. तेव्हा खणावे, जुन्या गाठी घ्याव्यात आणि कोंबाची गाठ मातीत परत ठेवावी. ती बाई हेच सांगत होती.

बी पेरून का नाही लावत, असे तुम्ही विचाराल. तिचे बी भुकटीसारखे. गव्हाच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी त्यात नसते. मातीतल्या बुरशीने भरवले तरच ते उगवते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली हे ओळखले. १९२२ मध्ये अमेरिकेत नड्सन यांनी साखर घातलेल्या आगरावर, बुरशीवाचून, आमरीचे बी रुजवून दाखवले. पण ते काम प्रयोगशाळेचे, आपल्या गॅलरीचे नव्हे. बुरशी म्हटली की आपण नाक मुरडतो! आपल्या पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना तरी बुरशीपासून पेनिसिलिन करण्यासाठीच निघाला होता.

अष्टवर्गातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी याही आमरीच मानतात. त्या राजांनासुद्धा मिळत नाहीत, म्हणून भावप्रकाशात त्यांच्याऐवजी विदारीकंद व वाराहीकंद सांगितले आहेत. म्हणजे टोपली भरणारी मी पहिली नव्हे.

ही टेबलावरची कुंडी पाहा. चाकणकडे गोदामासाठी एक माळ सपाट करत होते, तेथून मालकांना विचारून एक गाठ आणली. आज नुसती माती दिसेल. दिवाळीनंतर मी पाणी तोडले आहे. झोपलेल्या कंदाला ओल लागली तर तो कुजतो. कृपा करून कोणी उकरून चाखू नका. औषध म्हणून घ्यायचे तर वैद्यांना विचारून घ्यावे. तीन पावसाळ्यांत एकीच्या तीन गाठी झाल्या आहेत. कोंबाची गाठ यंदा मृगाआधी माहेरच्या माळावर लावणार आहे. वहिनींनी जागा राखून ठेवली आहे. भीती आहे ती फक्त रानडुकरांची.