वालाचा मांडव



आम्ही कामगार-संघटनेतली माणसे. बागेवर बोलण्याचा आमचा अधिकार पुण्याजवळच्या वसाहतीतील तीन वाफ्यांपुरता. दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी, दिवाळीच्या सुमारास मेथी-पालक, मार्गशीर्षात वालाला मांडव, ही कामे ठरलेली. मेथी बिचारी महिन्याभरात हाताशी येते. रडकथा आहे ती वालाची.

२०२१ च्या डिसेंबरात आरंभीच अवकाळी पाऊस झाला, आभाळ भरून राहिले आणि वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला. साबणाच्या पाण्याने धुवा, दोन दिवस थांबा, असा घरातून सल्ला मिळाला. पण आम्हांस परगावी सभेला जावयाचे होते. घाईने जालीम औषध फवारले. मावा मेला, त्याबरोबर त्याला खाणारे लाल ठिपकेदार ढालकिडेही मेले. आठवड्याने परतलो तो मावा पुन्हा हजर, आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या राखणीला!

पत्नी म्हणाली, "सभेत लोकांना दम धरा म्हणून सांगता ना?"

आम्ही निरुत्तर. मग रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी बोटांनी एकेक शेंडा पुसत बसलो. शेंगा निघाल्या त्या एका भाजीपुरत्या.